पाणी बदलूनही नायट्रेट पुन्हा चढते: खाऱ्या पाण्याच्या टाकीत काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

लक्षणे

पाणी बदलले की नायट्रेटचा (खाद्य आणि विष्ठा कुजून शेवटी उरणाऱ्या क्षाराचा) आकडा थोडा उतरतो आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा जिथल्या तिथे येतो, ही या दुखण्याची मुख्य खूण. तिच्या जोडीला बहुतेक वेळा यांपैकी दोन-तीन गोष्टी दिसतात:

- पूर्वी तीन-चार दिवसांनी पुसावी लागणारी काच आता रोज हिरवी होते.
- खडकांवर केसाळ हिरवे शेवाळ येते. प्रवाह मंद असलेल्या जागी वाळूवर लालसर-जांभळा बुळबुळीत थर चढतो, त्यात बुडबुडे अडकलेले असतात.
- प्रवाळांचे रंग मळकट तपकिरी होतात. त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शेवाळे नायट्रेट मिळाले की फोफावतात आणि मूळ रंग झाकून टाकतात.
- फारसे प्रवाळ नसतानाही अल्कॅलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) घसरत राहते. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. 50 पीपीएम (लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम) नायट्रेट साठेपर्यंत साधारण 2.3 डीकेएच (अल्कॅलिनिटीचे एकक) अल्कॅलिनिटी खर्ची पडते.
- स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप आठवडाभर जवळपास कोरडा राहतो, किंवा त्यात नुसते पाणचट काहीतरी जमते.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. ते नायट्रेटचे लक्षण नाही. आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा, तापमान बघा, पंप चालू आहेत का ते बघा, हवा वाढवा. मुरलेल्या टाकीत अमोनिया मोजण्याइतका सापडला तर बहुधा खडकामागे काहीतरी मेलेले असते.

किती नायट्रेट चालते, हे टाकीत काय आहे त्यावर ठरते. फक्त मासे असतील तर 40 पीपीएमच्या खाली पुरते. मऊ प्रवाळ आणि मोठ्या पॉलिपचे (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) कठीण प्रवाळ 5 ते 20 मध्ये ठीक राहतात, छोट्या पॉलिपच्या प्रवाळांना 2 ते 10 ठेवावे. शून्य हे ध्येय नव्हे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी चिकट उपद्रव सुरू होतो. तो काढणे नायट्रेट उतरवण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचे.

पहिली तपासणी: किट खरे बोलते का

यात फक्त थोडा वेळ जातो, आणि चुकीच्या आकड्याच्या मागे धावून टाकी बिघडवल्याची उदाहरणे कमी नाहीत. नायट्रेट मोजायच्या किटवरची मुदत बघा. ज्या किटमध्ये दुसऱ्या बाटलीत भुकटी खाली बसते, ती बाटली सांगितलेला पूर्ण वेळ जोरात हलवावी लागते. नुसती उलटीपालटी केली तर आकडा खोटा कमी येतो. रंग जुळवताना खाऱ्या पाण्याचाच तक्ता वापरा. नळी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरा.

मग एकक बघा. काही उपकरणे आकडा नायट्रेट-नायट्रोजन म्हणून दाखवतात. त्याला 4.43 ने गुणले की नायट्रेट मिळते. म्हणजे एकाचे 5 आणि दुसऱ्याचे 22 हे एकच पाणी असू शकते, आणि यावरून दोन माणसांचे वाद झडतात.

रंग गडद होऊन तक्त्याच्या टोकाला गेला तर एक भाग टाकीचे पाणी आणि चार भाग शुद्ध आरओ-डीआय (आरओचा पडदा आणि डीआय रेझिन यांतून गाळलेले) पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तराला 5 ने गुणा. नव्या टाकीत नायट्राइट शिल्लक असेल तर बहुतेक किट नायट्रेट फुगवून दाखवतात. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत तो आकडा मनावर घेऊ नका.

दुसरी तपासणी: टाकीत घालता ते पाणी

मीठ न मिसळलेले पाणी आणि मीठ मिसळून तयार केलेले पाणी, दोन्हींचे नायट्रेट मोजा. दोन्हीकडे शून्य यायला हवे. नळाच्या पाण्यात नायट्रेट असणे अगदी सामान्य आहे; जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादाच 50 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. माणसाला चालणारे ते पाणी टाकीसाठी तयार प्रदूषण ठरते. वर बाष्पीभवनाची भर घालायलाही तेच पाणी वापरत असाल तर दुहेरी तोटा: पाणी उडून जाते, नायट्रेट मागे राहते.

आरओचा पडदा बाकीच्या क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी अडवतो. उरलेले काम डीआय रेझिनचे (क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे). म्हणून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे) रेझिननंतर लावलेले हवे आणि तिथे 0 दिसायला हवा. 2-3 दिसू लागले की रेझिन बदला. संपत आलेले रेझिन आधी पकडलेले काही घटक परत सोडते, त्यामुळे ‘अजून थोडे चालेल’ हा हिशेब इथे महागात पडतो.

ही तपासणी झाल्याशिवाय पुढचे मोठे पाणी बदलू नका, नाहीतर एका हाताने काढाल आणि दुसऱ्याने घालाल.

तिसरी तपासणी: आठवड्याची वाढ किती

सगळ्या निदानाचा कणा हाच आकडा आहे, आणि बहुतेक जण नेमका हाच मोजत नाहीत. ‘नायट्रेट 80 आहे’ यावरून काही कळत नाही. ‘आठवड्याला 11 ने वाढते’ यावरून सगळे कळते.

मात्र 80 च्या आसपास पाचाचा फरक किटच्या रंगात दिसतच नाही. म्हणून आधी पातळी खाली आणा. 25 टक्के पाणी चार वेळा बदलले की 80 चे साधारण 25 उरते (आधी 60, मग 45, मग 34, मग 25, मधल्या दिवसांत थोडी भर पडेल). प्रवाळ असतील तर दोन बदलांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, कारण साठलेल्या पातळीला सरावलेल्या प्रवाळांना एकदम उतरवलेले मानवत नाही. प्रत्येक वेळी नव्या पाण्याची क्षारता, तापमान आणि अल्कॅलिनिटी टाकीशी जुळवा. क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35), म्हणजे 25 अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व साधारण 1.026. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे उपकरण) 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या, साध्या पाण्याने नको. आणि पाणी काढण्याआधी हीटर बंद करा. कोरडा पडलेला तापता हीटर तडकतो.

त्यानंतर पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजा आणि पुढच्या बदलाच्या अगदी आधी पुन्हा मोजा. दोहोंतला फरक ही आठवड्याची वाढ.

आता गणित. दर आठवड्याला ठराविक टक्के पाणी बदलत राहिले तर नायट्रेट एका ठिकाणी जाऊन स्थिरावते, आणि ते ठिकाण म्हणजे आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा. वाढ 10 आणि बदल 10 टक्के असेल तर पाणी बदलण्याच्या दिवशी आकडा 100 वर स्थिरावतो. 20 टक्के केले तर 50 वर, 25 टक्के केले तर 40 वर. म्हणजे प्रवाळांच्या टाकीत हवा तसा 10 चा आकडा नुसत्या पाणी बदलण्यातून आणायचा तर दर आठवड्याला अख्खी टाकी रिकामी करावी लागेल. पाणी बदलणे निरुपयोगी नाही, पण वाढ मोठी असेल तर ते एकटे पुरत नाही. आवक कमी करावी लागते, आणि पुढच्या तपासण्या आवकेच्याच आहेत.

चौथी तपासणी: खाद्य

टाकीत जाणारा जवळजवळ सगळा नायट्रोजन खाद्यातून येतो. कोरड्या खाद्यात 45 टक्के प्रथिने धरा. प्रथिनांचा सुमारे 16 टक्के भाग नायट्रोजन असतो. म्हणजे 1 ग्रॅम खाद्यात 0.072 ग्रॅम नायट्रोजन, आणि तो सगळा नायट्रेटपर्यंत पोहोचला तर 0.32 ग्रॅम नायट्रेट. प्रत्यक्ष पाणी 200 लिटर असेल तर एका ग्रॅममागे 1.6 पीपीएम. रोज 1 ग्रॅम घातले तर आठवड्याला 11. त्यावर दर आठवड्याला 15 टक्के पाणी बदलत असाल तर वरच्या सूत्राने आकडा 75 च्या आसपास जाऊन बसतो. अनेकांच्या किटवर दिसणारा तो हट्टी 80 इथून येतो.

ही कमाल मर्यादा आहे. काही नायट्रोजन माशांच्या वाढीत जातो, काही स्किमर काढतो, काही खडकाच्या आतल्या प्राणवायूविरहित भागात वायू होऊन निघून जातो. पण खाद्य चिमटीने घालणाऱ्यांनी एकदा दागिन्यांच्या छोट्या काट्यावर स्वतःची चिमूट तोलून बघावी.

करायचे काय: दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्या, खाली पडेल एवढे नको. गोठवलेली वडी शुद्ध पाण्यात विरघळवून बारीक जाळीत गाळा आणि ते ढगाळ पाणी फेकून द्या. माशांना उपाशी मात्र ठेवू नका. अँथियससारख्या सतत चरणाऱ्या माशांना दिवसातून अनेकदा थोडे-थोडे लागतेच. तिथे खाद्य कापण्यापेक्षा पुढची गाळणी सुधारणे बरे. आणि टाकीच्या मानाने मासेच जास्त असतील तर ते कमी करण्यावाचून खरा इलाज नाही, हे कुणाला ऐकायला आवडत नाही.

पाचवी तपासणी: सॉक, फ्लॉस, स्पंज

यांत्रिक गाळणी कचरा पकडते, पाण्याबाहेर काढत नाही. सॉकमध्ये (पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीत) अडकलेली विष्ठा आणि खाद्य वाहत्या पाण्यातच कुजत असते. म्हणून सॉक दर तीन-चार दिवसांनी बदला, फ्लॉस (गाळणीचा कापूस) दोन-तीन दिवसांनी फेका. सॉकवरून पाणी ओसंडत असेल तर तो काही गाळतच नाहीये. सॉक उलटा करून जोराच्या पाण्याने धुवा, साबण नको, पूर्ण वाळवून परत लावा. एवढे जमणार नसेल तर सॉक काढून टाका. न धुतलेल्या सॉकपेक्षा सॉक नसलेला सम्प (टाकीखालची गाळणीची दुसरी टाकी) बरा.

कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातली गाळणी) असेल तर दर दोन आठवड्यांनी उघडायला हवा. तीन-तीन महिने बंद राहिलेला कॅनिस्टर म्हणजे गाळाची बंद पेटी.

बायो-बॉल्स आणि सिरॅमिक रिंगांना (जिवाणू वाढावेत म्हणून गाळणीत ठेवलेल्या गोळ्यांना आणि कड्यांना) ‘नायट्रेटचा कारखाना’ म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. त्यांच्यावरचे जिवाणू असलेल्याच अमोनियाचे नायट्रेट करतात, पदरचे काही घालत नाहीत. गोंधळ करतो तो त्यांच्यात अडकलेला गाळ. काढलेल्या खाऱ्या पाण्यात ते खळबळून घ्या. क्लोरीनच्या नळाखाली धुतले तर जिवाणू मरतात. काढूनच टाकायचे असतील तर आठवड्याला एक चतुर्थांश काढा आणि अमोनिया मोजत राहा.

सहावी तपासणी: स्किमर

स्किमर नायट्रेट काढत नाही. प्रथिने कुजून अमोनिया होण्याआधीच तो ती फेसाबरोबर बाहेर काढतो. म्हणून स्किमर मंदावला की त्याचा परिणाम नायट्रेटवर काही आठवड्यांनी दिसतो, आणि तोवर कुणाला स्किमरचा संशयही येत नाही.

सर्वांत जास्त सापडणारा दोष हवेच्या नळीत असतो. जिथे हवा पंपाच्या पाण्याला मिळते, त्या तोंडाशी आतून मिठाचे पांढरे कडे जमते. ते इतके हळू वाढते की बुडबुडे कमी झालेले डोळ्याला जाणवत नाहीत. मात्र नळीच्या टोकाला कान लावला तर फुसफुस बारीक झालेली कळते. पंप चालू ठेवून नळीचे मोकळे टोक पेलाभर कोमट शुद्ध पाण्यात बुडवा. पंप ते पाणी ओढून घेतो आणि मीठ विरघळते. दोन-तीनदा केले की आवाज परत मोकळा होतो आणि स्किमरचा सिलिंडर पुन्हा दुधासारखा पांढरा दिसतो. दर दोन आठवड्यांनी एवढे केले की निम्म्या तक्रारी मिटतात.

तेवढ्याने भागले नाही तर पुढे या गोष्टी बघा. स्किमरची मान (कपाखालची अरुंद नळी) दर तीन-चार दिवसांनी पुसता का? तिच्यावरचा तेलकट थर फेस फोडतो. स्किमर उभा आहे त्या कप्प्यातली पाण्याची पातळी कायम राहते का? रिटर्न पंपाच्या (पाणी टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवलेला असेल तर बाष्पीभवनाने पातळी हलते आणि स्किमर कधी कोरडा, कधी ओसंडता चालतो. पातळी उत्पादकाने सांगितली तेवढी ठेवा. पायाखाली प्लास्टिकचा ठोकळा देऊन जुळवता येते. शेवटी पंप: वीज काढा, इंपेलर (पंपातले फिरते चक्र) बाहेर काढा, पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून तासभर भिजवा, मऊ ब्रशने चुन्याचा थर काढा, साध्या पाण्याने धुवा. धुतल्यावर फेस स्थिरावायला एक-दोन दिवस जातात, त्या काळात नॉब फिरवत बसू नका. चहाच्या रंगाचे पाणी कपात येऊ लागले की जुळणी बरोबर आहे.

खडकांसाठी वापरलेली इपॉक्सी, क्लोरीन घालवणारे द्रव किंवा औषध टाकीत गेले असेल तर स्किमर काही काळ नुसता ओसंडतो. तो बिघाड नव्हे.

सातवी तपासणी: साठलेला गाळ

स्वयंपाकातली मोठी पिचकारी घ्या आणि खडकांच्या फटींत पाण्याचा झोत मारा. करडा धूर उठला तर उत्तर मिळाले. पाणी बदलण्याच्या तासभर आधी हे करा, गाळ सॉकमध्ये जाऊ द्या, मग सॉक लगेच बदला. सम्पच्या तळाचा गाळ पाणी काढतानाच नळीने ओढा. सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो हा सम्पच.

वाळूचा थर 2 ते 5 सेंटिमीटर असेल तर दर वेळी एक चतुर्थांश भाग सायफनने धुवा. सगळी एकदम ढवळली तर अमोनिया उसळतो. थर 10 सेंटिमीटरच्या वर आणि जुना असेल तर त्याला हात लावू नका. खोलातल्या काळ्या पट्ट्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तो पाण्यात सुटला तर मासे मरतात.

गाळ त्याच त्याच जागी बसत असेल तर प्रवाह कमी पडतोय. प्रवाळांच्या टाकीत सगळे पॉवरहेड (टाकीतले प्रवाहाचे पंप) मिळून ताशी टाकीच्या 20 ते 40 पट पाणी हलायला हवे, फक्त माशांच्या टाकीत 10 ते 20 पट. खडकांचा ढीग मागच्या काचेला चिकटवून रचला असेल तर तो बोटभर पुढे ओढा.

आठवी पायरी: नायट्रेट बाहेर काढणारी वनस्पती

इथपर्यंत सगळे करून वाढ निम्मी झाली नसेल तरच पुढे जा. सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा हे तारेच्या घासणीसारखे दिसणारे शेवाळ ठेवा, त्याच्यावर जोरकस वाढीचा दिवा लावा आणि तो टाकीचे दिवे बंद असताना चालवा, म्हणजे रात्री पीएचही कमी घसरतो. शेवाळाचा गोळा अधूनमधून उलटा करा, नाहीतर खालचा भाग कुजून घेतलेले सगळे परत देतो. नायट्रेट टाकीबाहेर जाते ते तुम्ही शेवाळ कापून फेकता तेव्हाच. शेवाळ वाढतच नसेल तर फॉस्फेट मोजा. ते शून्य असेल तर नायट्रेट कितीही असले तरी वाढ होत नाही.

नववी पायरी: कार्बन डोसिंग

प्रभावी आहे आणि घाई केली तर घातकही. व्हिनेगरमधला कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट घेतात आणि स्किमरमधून बाहेर जातात. स्किमर नीट चालत नसेल किंवा फॉस्फेट 0.03 पीपीएमच्या खाली असेल तर सुरूच करू नका.

5 टक्के आम्लता असलेला, रंग-वास न मिसळलेला पांढरा व्हिनेगर घ्या. प्रत्यक्ष पाण्याच्या दर 100 लिटरला रोज 1 मिली, पहिला आठवडाभर. मग दर आठवड्याला 1 मिली वाढवा. सकाळी दिवे लागल्यावर, जोराच्या प्रवाहात थेंबथेंब घाला. आठवड्यातून दोनदा मोजा. नायट्रेट उतरू लागले की मात्रा तिथेच थांबवा, हव्या पातळीला आले की निम्मी करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नका. पाण्यावर पांढुरकी झाक आली किंवा काचेवर जिलेटिनसारखे धागे दिसले तर डोस बंद आणि हवा वाढवा, कारण हे जिवाणू रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. 100 लिटरला 10 मिलीपर्यंत जाऊनही काही हलले नाही तर थांबा. तुमची अडचण दुसरीकडे आहे.

पैसे वाया घालवणाऱ्या गोष्टी: जीएफओ (लोहाच्या संयुगाचे दाणे) फॉस्फेट काढते, नायट्रेट नाही. अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि यूव्ही दिवा नायट्रेटला स्पर्शही करत नाहीत. गोड्या पाण्यात नायट्रेट धरणारी रेझिने समुद्राच्या पाण्यातल्या प्रचंड क्लोराइडपुढे निष्प्रभ ठरतात. आणि अडकल्यावर लोक पाणी आयसीपी तपासणीला (पाण्यातली मूलद्रव्ये मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला) पाठवतात, पण ती तपासणी नायट्रेट मोजत नाही. प्रयोगशाळा त्यासाठी वेगळी चाचणी करते का, ते आधी विचारा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घालताना झिणझिण्या आल्या तर हात काढा, मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. कोणता पंप गळतोय ते हात घालून शोधू नका. टाकीच्या वायरींवर गळती-संरक्षक स्विच नसेल तर बसवून घ्या.

काचेच्या जोडातून पाझर दिसला तर साफसफाई सोडा, पाणी खाली उतरवा आणि टाकी बांधणाऱ्याला दाखवा. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही.

खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) असतील तर तो घासू नका, सुकवू नका आणि कोणत्याही परिस्थितीत उकळू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन असते, त्याची वाफ आणि तुषारही घातक असतात. हातमोजे आणि चष्मा घाला. हाताळल्यावर तोंडात धातूची चव, खोकला, छातीत जडपणा किंवा डोळ्यांची आग जाणवली तर घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव जनावरांना घेऊन खोलीबाहेर पडा, लगेच रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना प्रवाळाचे नाव सांगा.

खोल वाळूचा थर काढायचाच असेल, किंवा सल्फर डिनायट्रेटर (गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंकडून नायट्रेटचा वायू करून घेणारे यंत्र) बसवायचा असेल, तर ते काम पूर्वी केलेल्या अॅक्वेरियम तज्ज्ञाकडे द्या. डिनायट्रेटरच्या तोटीतून पाणी जास्त वेगाने सोडले तर नायट्राइट टाकीत येते, फार हळू सोडले तर सडक्या अंड्याचा वास येतो, आणि तो अल्कॅलिनिटीही खातो.

दोन दिवसांत एकाहून जास्त मासे मेले तर नायट्रेटचा नाद सोडून जलचरांच्या पशुवैद्याला गाठा. आणि सगळ्या पायऱ्या करून आठ आठवड्यांत आठवड्याची वाढ जराही घटली नसेल, तर नोंदवही, खाद्याचे वजन आणि पाण्याचे आकडे घेऊन तज्ज्ञाला टाकी प्रत्यक्ष दाखवा; फोटो पाठवून हे निदान होत नाही.